कार्डिओ झाला का कार्डिओ?

पूर्वी माणूस एक तर बारीक असे, नाहीतर जाड. आता तो ‘कॅलरी डेफिसिट’मध्ये असतो किंवा ‘बल्किंग’वर. तिसऱ्या बटाटेवड्याकडे हात जाताना बायकोने डोळे वटारले, की ‘बल्किंग चालू आहे’ म्हणून सुटता येतं. शिवाय ‘चीट डे’ आहेच. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचा तो रविवारी सुरू होतो आणि शनिवारी रात्री उशिरा संपतो.

जिमची पायरी चढलात की आधी ‘बीएमआय’ काढतात. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. हा हिशेब 19व्या शतकातल्या अॅडॉल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाचा. आपली ढेरी मोजायला ग्रहगोल पाहणाराच माणूस लागावा, यात काय ते आलं! त्या बिचाऱ्याला समाजातला सरासरी माणूस शोधायचा होता. तुमच्या पोटाशी त्याला देणंघेणं नव्हतं. स्नायू कुठला आणि चरबी कुठली, हे या भागाकाराला कळत नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या तालमीतला पैलवानही त्यात लठ्ठ ठरू शकतो. तसं त्याला तोंडावर सांगणारा ट्रेनर मात्र अजून जन्माला यायचा आहे.

मग ‘कार्डिओ’, म्हणजे बहुतेक ठिकाणी ट्रेडमिल. 1818च्या सुमारास इंग्लंडात विल्यम क्युबिट नावाच्या अभियंत्याने कैद्यांसाठी पायांनी फिरवायचं चाक काढलं, तिथून हे नाव आलं. पुढे इंग्रजांनी कैद्यांची ही शिक्षा बंद केली. आपण वर्षाची फी आगाऊ भरतो, वर जीएसटी.

पण खरा कहर त्या दहा हजार पावलांनी केलाय. 1965 साली, टोकियो ऑलिंपिकच्या पाठोपाठ, जपानात पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं मापक’. आकडा गोल होता, जाहिरातीत शोभला आणि जगाने तो वेदवाक्य मानला. आमच्या सोसायटीतले काका रात्रीच्या जेवणाआधी मनगटावरचं घड्याळ बघतात. नऊ हजार सहाशे! खाली उतरायचा कंटाळा. मग त्यांना शोध लागला, की हे घड्याळ पाय नव्हे, हात मोजतं. लग्नानंतर प्रथमच काका कणकेची परात पुढ्यात ओढून बसले. दहा पोळ्यांची कणीक मळली, घड्याळ थरथरलं, फटाके उडाले. काकू म्हणाल्या, “अहो, आता रोज तेवढे चारशे कमी ठेवत चला.” फिटनेसच्या परिभाषेने एखाद्या घराचं भलं झाल्याचं एवढं एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

बाकी ‘एचआयआयटी’, ‘कोअर’, ‘फॅट बर्न झोन’ हे शब्द पाठ नसले तरी अडत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ‘मध्यम’ ओळखायची खूणही सोपी आहे: चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. बागेत शेअर बाजारावर तावातावाने बोलत, मधेच जुनी गाणी म्हणत रमतगमत फिरणाऱ्या मंडळींनी आपला व्यायाम त्यात धरू नये. आणि नव्या जिमची फी भरण्याआधी वाचकहो, जरा झपझप चालून एक कडवं म्हणून पाहा. पूर्ण झालं, तर आणखी जोरात चाला.