विषय : कार्यालयात राहून महत्त्वाकांक्षा जिवंत ठेवण्याबाबत

वाचा : (1) 'मॅडम, तुमचं अक्षर फारच छान', हे बडे बाबूंचं वेळोवेळचं तोंडी मत. (2) 'यादी लागतेच आहे', हे गेल्या सहा वर्षांचं आश्वासन. (3) 'झालं का काही?' हा सासूबाईंचा रोजचा प्रश्न.

प्रस्तावना : भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात (कोणत्या, ते विचारू नये, मला अजून अकरा वर्षं नोकरी करायची आहे) असे निदर्शनास आले आहे की, कर्मचाऱ्याची महत्त्वाकांक्षा रुजू होताना ठणठणीत असते आणि दुसऱ्या वेतनवाढीच्या सुमारास वैद्यकीय रजेवर जाते. ती परत हजर व्हावी, यासाठी पुढील सूचना निर्गमित करण्यात येत आहेत.

सूचना 1. रुजू झाल्यावर तुम्हाला आडनाव विचारलं जाईल. तेवढ्यावर भागलं नाही तर गाव, मग मोहल्ला, मग 'तिकडे आमच्या ओळखीचे एक होते, ते तुमचे कोण?' या चौकशीला मुदत नसते, शुल्क लागत नाही आणि माहिती अधिकाराचे तीस दिवसही लागत नाहीत, जेवणाच्या सुट्टीपर्यंत निकाल लागतो. निकाल लागला की थोडी शांतता पसरते आणि कोणीतरी म्हणतं, 'आमच्याकडे तसं काही नाही जी.' तसं म्हणजे कसं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहा आला. सगळ्यांना काचेच्या ग्लासात, मला कागदी कपात. मी शिपायाकडे पाहिलं, त्यानं कपाटाकडे पाहिलं. 'मॅडम, कागदी कप स्वच्छ राहते', असं तो म्हणाला. कोरोना यायला तेव्हा बरीच वर्षं होती. अशा वेळी काय करावं, याबद्दल नियमावलीत मार्गदर्शन नाही. मी तिसऱ्या दिवशी घरून स्टीलचा पेला नेला, त्यावर खिळ्यानं नाव कोरून घेतलं आणि तो सगळ्यांच्या ग्लासांमध्ये ठेवायला सुरुवात केली. महिनाभरात दोनदा साहेबांना त्यात चहा गेला. त्यांना काही झालं नाही.

हा सगळा प्रकार बाबासाहेबांच्या फोटोखाली घडला, हेही नोंदीस घ्यावं. कोलंबियात शिकून आलेला हा माणूस 1917 साली बडोदा संस्थानात नोकरीवर हजर झाला, तेव्हा शिपाई फायली लांबूनच टेबलावर टाकायचे असं त्यांचे चरित्रकार लिहितात. राहायला जागा मिळेना म्हणून काही दिवसांतच बडोदा सोडावं लागलं. आणि 1954 च्या पोटनिवडणुकीत ते लोकसभेसाठी उभे राहिले ते इथूनच, भंडाऱ्यातून. आपण त्यांना पाडलं. आता मात्र फ्रेमवर धूळ बसू देत नाही आणि 14 एप्रिलला हार कोणी घालायचा, यावरून दोन गट पडतात.

सूचना 2. शक्य असल्यास नागपुरात राहावं. मुख्यालयी राहण्याचा नियम आहे, म्हणूनच हे सुचवत आहे. आमचे अर्धे अधिकारी सकाळी विदर्भ एक्सप्रेसनं येतात. कामठी सुटल्यावर डब्यात पत्ते निघतात. थारसापर्यंत कोणाचं टेबल कोणाला द्यायचं ते ठरतं आणि वरठीला उतरेपर्यंत ठराव मंजूर झालेला असतो. (पाहुण्यांसाठी खुलासा : भंडारा रोड हे स्टेशन वरठीला आहे, भंडाऱ्यात नाही. इथे पोचणंही दोन टप्प्यांत होतं.) आम्ही स्थानिक लोक साडेनऊला येऊन खुर्च्या पुसून बसलेलो असतो आणि आपलं भविष्य ऑटोत बसून आपल्याकडे येत असतं. वर्षभर मासिक पास काढून मीही नागपूरहून ये-जा करावी, असा विचार एकदा केला होता. नवरा म्हणाला, 'म्हणजे भंडाऱ्याहून भंडाऱ्याला यायला तू नागपूरला जाणार?' तेव्हा सोडून दिला.

सूचना 3. अक्षर खराब ठेवावं.

ही सूचना थट्टेवारी नेऊ नये. माझं अक्षर चांगलं आहे हे कळल्यापासून या कार्यालयातले सगळे फलक, सगळी मानपत्रं आणि पाण्याच्या टाकीवरचं 'पाणी जपून वापरा' मी लिहिलं आहे. अक्षरामागून रांगोळी येते. 26 जानेवारीला पहाटे पाच वाजता थंडीत मी पायऱ्यांवर अशोकचक्राचे चोवीस आरे मोजत बसलेली असते. माझ्यासोबत परीक्षा दिलेला, माझ्यापेक्षा कमी गुण असलेला सहकारी त्याच वेळी साहेबांसोबत पाहुण्यांच्या यादीवर बसलेला असतो. तो 'नियोजन' करत असतो, मी 'हौस'. त्याच्या गोपनीय अहवालात पुढाकार हा शब्द आला. माझ्या अहवालात 'मनमिळाऊ' आला. मनमिळाऊ! हा शब्द सासरी सुनेसाठी ठीक आहे, पदोन्नती समितीसमोर त्याचे गुण किती धरायचे?

शिवाय पुष्पगुच्छ. मंत्री आले की गुच्छ देण्यासाठी महिला कर्मचारी लागते. आढावा बैठकीत मात्र लागत नाही. मी तीन मंत्र्यांना गुच्छ दिले आहेत आणि एकालाही आकडेवारी दिलेली नाही, जरी ती तयार मीच केली होती.

सूचना 4. 'चांगला' या शब्दापासून सावध राहावं. सीमा रस्ते संघटनेतले देव दत्त नावाचे अभियंते याच शब्दामुळे अडले. पदोन्नतीला 'अतिशय चांगला' हवा होता, एका वर्षी 'चांगला' पडला आणि तो त्यांना कोणी कळवलाही नाही. 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोंद वाईट असो की बरी, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध म्हणणं मांडता येईल. तेव्हा दरवर्षी आपला अहवाल मागावा, वाचावा आणि मुदतीत लेखी म्हणणं द्यावं. हे मी गंभीरपणे सांगते आहे. मी पहिली आठ वर्षं मागितलाच नव्हता, कारण मागणं बरं दिसत नाही असं वाटायचं.

सूचना 5. बडे बाबूंना ओळखावं. आमच्या जिल्ह्यात मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजारी 1950 च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारचे झाले. तरी तुडुम (तलावाचं पाणी सोडायचं तोंड) कोण उघडतो, यावर कोणाची बांधी (धानाचं खाचर) आधी भिजणार हे ठरतंच. कार्यालयात साहेब तीन वर्षांत बदलतात, तुडुमावर बडे बाबू बसलेले असतात. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात विलंबाचंही कलम आहे : फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. बडे बाबूंच्या टेबलावर ती कधीच राहिली नाही. सहाव्या दिवशी ते तिच्यावर 'कृपया चर्चा करावी' लिहून पुढच्या टेबलावर पाठवायचे. कायदा पाळूनच त्यांनी एकेक फाईल दोन दोन वर्षं फिरवली.

माझ्या ज्येष्ठतेची फाईल त्यांपैकी एक. मी विभागीय परीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास झाले. 1 जानेवारीच्या तात्पुरत्या यादीत माझी पास झाल्याची तारीख दीड वर्षानं पुढे सरकली होती. एकोणिसाव्या नंबरावरून मी एकतिसाव्यावर. यादी बडे बाबूंनी केलेली. ती शुक्रवारी संध्याकाळी फलकावर लागली, तीही झेंडानिधीच्या पोस्टरच्या अर्धी मागे.

आता इथे परिपत्रकाची भाषा मला जमत नाही. कारण याच माणसानं मला टिपणी लिहायला शिकवलं होतं. मी नवी होते, साहेबांचं तोंडी सांगणं ऐकून काम करायची आणि शिव्या खायची. एकदा त्यांनी बोलावून घेतलं. 'मॅडमजी, तोंडाचं कोनी मानत नाही. साहेब बोलले का, तुमी लिवा : आपण दूरध्वनीवर दिलेल्या निर्देशानुसार. खाली सही, सहीखाली तारीख. अन् कुठंबी कागद दिला का पोच घ्या. देवाले नारळ दिला तरी पोच घ्या.' माझ्या चहाचा कागदी कप त्यांनाही दिसला होता, त्यावर ते कधी बोलले नाहीत. डब्यातली लाखोळीची डाळ मात्र माझ्याकडून मागून खायचे. या माणसाचं नेमकं काय करायचं, ते मला कधी कळलं नाही.

हरकतीला पंधरा दिवस होते. मी तेराव्या दिवशी अर्ज लिहिला. सोबत परीक्षेच्या निकालाची साक्षांकित प्रत, सेवापुस्तकाच्या पानाची प्रत, आणि त्यांच्याच पद्धतीनं तीन परिच्छेद : वस्तुस्थिती, नियम, विनंती. आवक लिपिक रजेवर होता, म्हणून अर्ज त्यांच्याच हातात द्यावा लागला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. आपण केलेली चूक (चूकच म्हणू) दुसऱ्याच्या सुंदर अक्षरात वाचताना माणसाच्या चेहऱ्यावर काय येतं, ते पाहायला मी उभी होते. काहीच आलं नाही. त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दोनदा थोपटला, माझ्या प्रतीवर मारला, क्रमांक टाकला आणि म्हणाले, 'बरं लिवलं.'

अंतिम यादीत मी एकोणिसावी आहे. पदोन्नतीची यादी लागतेच आहे.

सूचना 6. निरोप समारंभाला गैरहजर राहू नये. बडे बाबू गेल्या जून अखेरीस निवृत्त झाले. मानपत्र अर्थातच माझ्याकडे आलं. सूचना 3 चा भंग करून मी ते दोन रात्री जागून लिहिलं, चोहोबाजूंनी धानाच्या लोंब्यांची वेल काढली. भाषणं झाली, शाल-श्रीफळ झालं. फ्रेम हातात दिली तेव्हा ते लगेच बसले नाहीत. शाल खांद्यावरून घसरत असताना चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, 'मॅडमजी, तारीख राहिली', आणि शालीखाली हात घालून खिशातला पेन शोधू लागले.