मिठाला जागणारा गंज

युरोप-अमेरिकेत थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात. खारट पाणी सहजी गोठत नाही, म्हणून बर्फ वितळतो. पण तेच मीठ ट्रकची चासी खाऊन टाकतं. हे ऐकून पालीतले एक टिपरमालक खो खो हसले. "आपल्याकडं कुठला आलाय बर्फ? राजगडावर धुकं उतरतं, तेवढंच!"

बर्फ नाही, खरंय. मीठ मात्र आम्ही पदरमोड करून पुरवतो. दर अमावास्येला मालकांची आई गाडीवरून मीठ-मोहरी उतरवते. बंपरला लिंबू-मिरची, म्हणजे आंबट पदार्थाचीही सोय. दसऱ्याला त्याच बंपरवर नारळ फुटतो आणि पाणी नटबोल्टांत मुरतं. एवढ्यातून लोखंड वाचलंच, तर वरंधा घाटात पुढची मासळीची गाडी खारं पाणी गाळत जाते. वरून वेल्ह्याचा पाऊस आहेच. लोखंड नुसत्या पाण्याहवेनंही गंजतं. पाण्यात मीठ असलं की झपाट्यानं. टेंडर न काढता इतक्या वेगानं होणारं तालुक्यातलं हे एकमेव काम.

गाडी आठ वर्षांपुढं गेली की दरवर्षी पासिंग. त्याआधी तिला नटवतात. केबिनला नवा रंग, मागं मोर, 'आई-वडिलांचा आशीर्वाद', कडेनं गोंडे. आणि चासीला? जळकं ऑइल, डिझेल घालून, पंपानं. अर्धं लोखंडाला लागतं, अर्धं ओढ्याला जातं. रबरी बुश फुगतात ते वेगळंच.

क्लीनर एकदा म्हणाला, "मालक, पाऊस सरला की खालनं गोड्या पाण्यानं धुऊ. सुकली की तारेच्या ब्रशनं गंज खरवडू, रेड ऑक्साइड मारू, मग रंग."

मालक म्हणाले, "खाली कोण बघतंय?"

हे एकट्या मालकांचं मत नव्हे, आपलं सार्वजनिक धोरण आहे. कठडे रंगवायचे, कमानी उभारायच्या. खाली कोण बघतंय? 15 जून 2025 ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला, तेव्हा सगळ्यांनी खाली बघितलं. मग पुन्हा मान वर.

दसऱ्याला मालकांनी बंपरवर नारळ आपटला. नारळ शाबूत राहिला, बंपर फुटला.

"दृष्टच लागली गं बाई!" म्हणत आई मीठ आणायला घरात धावली.