जोडधंद्याचे नीतिशास्त्र, मजलानिहाय

व्यावसायिक नीतिशास्त्रावरील ग्रंथांत एखादी कृती योग्य की अयोग्य हे ठरवण्यासाठी सहसा तीन कसोट्या सांगितलेल्या असतात : तिच्यामुळे कोणाचे नुकसान होते, तिने कोणते वचन मोडते, आणि सर्वांनीच ती केली तर काय होईल. बेंगळुरूच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगाने २०२२ साली या शास्त्रात चौथ्या कसोटीची भर घातली असून ती इतकी सुटसुटीत आहे की पहिल्या तिन्हींची गरजच उरत नाही. कृती करणारा इमारतीच्या कितव्या मजल्यावर बसतो, एवढेच तिच्यात पाहायचे असते.

या शोधाला निमित्त झाले ते ‘मूनलायटिंग’, म्हणजे एकीकडे पूर्णवेळ नोकरी करत असताना, बहुधा मालकाला न सांगता, दुसरीकडेही पगारी काम करणे. करोनाकाळात काम घरून होऊ लागल्यावर या प्रकाराची चर्चा वाढली. ऑगस्ट २०२२ मध्ये स्विगी या बेंगळुरूतील कंपनीने आपल्या कर्मचाऱ्यांना काही अटींवर बाहेरचे काम करण्याची मुभा देणारे धोरण जाहीर केले, तर त्याच महिन्यात विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी ही सरळसरळ फसवणूक असल्याचा निर्वाळा ट्विटरवर दिला. सप्टेंबरात इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना दुहेरी नोकरीविरुद्ध ताकीद देणारा ईमेल पाठवला, प्रतिस्पर्धी कंपन्यांचे काम करताना सापडलेल्या ३०० जणांना विप्रोने घरी पाठवल्याचे प्रेमजींनी सांगितले, आणि ऑक्टोबरात इन्फोसिसने पूर्वपरवानगी घेऊन बाहेरची कामे करता येतील असा खुलासा केला. अशा रीतीने एकाच शहरात, तीन महिन्यांच्या आत, एकच कृती धोरण, फसवणूक आणि अर्जाचा नमुना या तिन्ही रूपांत वावरून गेली.

प्रतिस्पर्ध्याकडे चाकरी करणे गैर आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. एका कंपनीची गुपिते ठाऊक असलेल्या माणसाने दुसऱ्या कंपनीचे मीठ खावे, याला नीतिशास्त्रात हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात, आणि तो टाळावा हे सांगायला पंडित लागत नाही. मात्र शनिवारी-रविवारी एखाद्या शाळेचे संकेतस्थळ बांधून देणाऱ्या अभियंत्यालाही दोन डगरींवर पाय ठेवणारा म्हणून त्याच रांगेत उभे केले जाते, तेव्हा कसोटी संघर्षाची न राहता मजल्याची होते.

वरच्या मजल्यावरील परिस्थिती तपासल्यास हे अधिक स्पष्ट होते. कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १६५ नुसार एका व्यक्तीला एकाच वेळी २० कंपन्यांचे संचालकपद भूषवता येते, आणि त्यांपैकी शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांची संख्या ‘सेबी’च्या नियमांनुसार ७ पर्यंत असू शकते. प्रत्येक बैठकीसाठी १ लाख रुपयांपर्यंत मानधन घेण्यासही कायद्याची हरकत नाही. सात ठिकाणी लक्ष देणाऱ्या या गृहस्थाची निष्ठा पातळ होते अशी शंका कोणी काढत नाही, उलट वार्षिक अहवालात त्याच्या सातही पदांची यादी छायाचित्रासह छापून तिला ‘व्यापक अनुभव’ म्हटले जाते. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने दोन ठिकाणी नाव नोंदवले, तर भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात दोन मालकांची वर्गणी दिसताच तोच अनुभव पुरावा ठरतो.

सर्वांत वरच्या मजल्यावर तर स्वतः कंपनीच राहते, आणि तिच्या जोडधंद्याला ‘विविधीकरण’ असे भारदस्त नाव आहे. विप्रोचा जन्म १९४५ साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला वनस्पती तूप बनवण्यासाठी झाला. पुढे या कंपनीने साबण काढला, हायड्रॉलिक सिलिंडर बनवले, दिवे विकले आणि संगणकातही हात घातला. तूप आणि संगणक ही दोन्ही कामे एकाच नावाखाली वर्षानुवर्षे चालली, हे अमळनेरकर आजही अभिमानाने सांगतात आणि त्यात वावगे काही नाही. सांगायचा मुद्दा इतकाच की १९८० च्या दशकात कोणी कडक शिस्तीचा मनुष्यबळ अधिकारी या कंपनीवर नेमला असता, तर त्याने तिला प्रथम तुपाचा राजीनामा द्यायला लावला असता.

तासांच्या हिशेबातही हीच कसोटी चालते. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ६० ने, अपवाद वगळता, एकाच दिवशी दोन कारखान्यांत काम करण्यास मनाई केली होती, आणि कामगाराला विश्रांती मिळावी हा कामाच्या तासांविषयीच्या अशा तरतुदींचा हेतू असतो. संगणकाच्या कार्यालयांना मात्र अभियंत्याच्या विश्रांतीची आठवण तो दुसऱ्याचे काम करू लागला की होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करण्याचा सल्ला दिला, आणि जुलै २०२४ मध्ये कर्नाटकात या क्षेत्राचा कामाचा दिवस १४ तासांपर्यंत नेण्याच्या प्रस्तावावर कर्मचारी संघटनेने आक्षेप घेतला. यावरून निघणारा सिद्धान्त असा, की एकाच मालकासाठी १४ तास राबणे ही राष्ट्रउभारणी होय आणि दोन मालकांसाठी १२ तास राबणे हा चारित्र्यदोष होय.

वचनभंगाची कसोटीही मजल्यागणिक वाकते. फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे सचोटीसाठी ३०० जणांना घरी पाठवण्याच्या त्या गाजलेल्या निर्णयानंतर पाच महिन्यांनी, विप्रोने वार्षिक साडेसहा लाखांचा प्रस्ताव देऊन ताटकळत ठेवलेल्या नवपदवीधरांना साडेतीन लाखांवर रुजू होणार का, असे विचारले. कारण म्हणून बदललेल्या बाजारस्थितीकडे बोट दाखवले गेले. बाजारस्थिती बदलल्यामुळे कर्मचाऱ्याने आपली निष्ठा निम्मी केली, तर ते कारण ग्राह्य धरले जाईल की नाही, याबद्दल मात्र कोणत्याही आचारसंहितेत मार्गदर्शन आढळत नाही.

आचारसंहिता शिकवली जात नाही असे नव्हे. दरवर्षी प्रत्येकाला तिचे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. दिवाळीला पुरवठादाराने चांदीचे नाणे पाठवले तर काय कराल, असे पडद्यावरचे हसरे चित्र विचारते. चार पर्यायांपैकी जो सर्वांत लांब तो बरोबर असतो, आणि तोही चुकला तर पुन्हा प्रयत्न करण्याचे बटण असते. बेंगळुरूतल्या सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या कॅबमध्ये, एका कानात ग्राहकाचा कॉल चालू असताना, हा अभ्यासक्रम शंभर टक्के गुणांनी पार पडतो. मात्र टाइमशीटमध्ये, म्हणजे ग्राहकाला पैसे आकारण्यासाठी भरायच्या तासांच्या तक्त्यात, न केलेले तास लिहायला साहेबांनीच सांगितले तर काय कराल, हा प्रश्न सहसा त्या संचात नसतो, कारण त्याचा लांब पर्याय लिहायला कोणी धजत नाही.

वास्तविक उपाय कायद्यातच आहे. संचालकाने आपले हितसंबंध लेखी जाहीर करावेत आणि संघर्षाचा विषय निघाला की बाजूला बसावे, असे कंपनी अधिनियमाचे कलम १८४ सांगते. हाच नियम नोकरीतल्या दोन्ही पक्षांना लावावा, म्हणजे अभियंता रविवारी कोणासाठी काय लिहितो हे सांगेल, आणि कंपनीही त्याचे तास कोणत्या दराने विकले, तो बेंचवर, म्हणजे दोन प्रकल्पांमधल्या रिकाम्या काळात, गेल्यास किती आठवड्यांत दार दाखवले जाईल, नियुक्तिपत्रातला आकडा किती दिवस टिकेल, हे सांगेल. प्रस्तावाच्या पहिल्या भागाला मनुष्यबळ विभागाची तत्काळ मंजुरी मिळेल. दुसरा भाग अभिप्रायासाठी विधी विभागाकडे जाईल, आणि मागितलेली माहिती गोपनीय असून तिची मागणी करणे हाच आचारसंहितेचा भंग आहे, अशा शेऱ्यासह यथावकाश परत येईल.