वैनी, आवळू नका!

वैनी, रातभर टप्‌ टप्‌ चाललंय ते तुमच्याच तोटीचं ना? खाली पातेलं ठेवलंय जणू, कुंपणापलीकडं ऐकू येतंय. कुणाला सांगितलंय दुरुस्तीला? त्या प्लंबरला? मग झालंच! आमच्याकडं पितृपक्षात येतो म्हणला होता, दिवाळीचा फराळ संपला तरी पत्ता नाही. शिरवळला कंपन्यांकडं मोठी कामं मिळतात, एका तोटीसाठी तो कशाला गाडी वळवतोय?

आणि भाऊजी काय करतात? आवळतात! अहो, सगळे बाप्ये आवळतातच. पण आत रबराचा वायसर असतो, तो चेपून दगड झालेला असतो. आणखी पिळलं की चिरतो, आणि मग खालची पितळेची बैठकपण खराब होते. काहीजण तर तोटीला पांढरी टेप गुंडाळतात. ती टेप भिंतीकडच्या आट्यांसाठी! तोंडातनं गळतंय तिथं तिचा काय उपयोग?

आमच्या धाकट्यानं केलं परवा. आधी टाकीखालचा कॉक बंद केला, तोटी उघडून राहिलेलं पाणी काढलं. मी म्हणलं, सिंकच्या भोकात फडकं कोंब. ऐकतोय का? मुठीचा स्क्रू सुटला तो गेला पायपातनं, सापडला परसात कर्दळीच्या आळ्यात. मग मूठ काढली, खालचं डोकं पान्यानं डावीकडं फिरवलं, की अख्खा दांडाच वर आला. त्याच्या बुडाला वायसर. पार काळा, मधोमध गोल खड्डा पडलेला. तोच नेऊन दुकानात दाखवायचा, मापाचं डोकं लावत बसायचं नाही. वायसर मिळतो किरकोळ पैशात, जाण्यायेण्याचं पेट्रोलच महाग!

नवा बसवायच्या आधी आत बोट फिरवून बघा. बोअरचं पाणी असलं तर बैठकीवर पांढरा क्षार धरतो. तो लिंबानं भिजवून घासून काढायचा. नाहीतर नवा वायसरपण दोन दिवसांत गळतो. पाणी मुठीखालनं झिरपत असलं तर दुखणं वेगळं, तिथं वरची पॅकिंग बदलायची.

ते अर्धी फिरकी मारली की बंद होणारे नवे नळ असतात ना, त्यांत वायसरच नसतो. आत चिनीमातीच्या चकत्या. तो अख्खा तुकडाच बदलायचा, कंपनी बघून.

काय म्हणता, थेंबाथेंबानं काय जातंय? पोरानं हिशोब केला. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरच्या वर! नीरा आपल्या तालुक्याच्या कडंनं जाऊन वीरच्या धरणात अडते, उजव्या कालव्यानं फलटण-माळशिरसकडं जाते, आणि आपण खंबाटकी घाटाच्या या अंगाला पावसाकडं डोळे लावून बसणार. त्यात घरचीच तोटी गळती!

थांबा, आमचा पाना देते. पण संध्याकाळपर्यंत परत आणा हं. कोपऱ्यावरच्या काकूंनी शिडी नेलीय, आता ती त्यांच्या दारात वाळवणाला लावलेली दिसते, मागायचीपण चोरी. आणि पाना तुमच्याच हातात ठेवा, भाऊजींना दिला तर ते परत आवळतील.