उभ्याउभ्या

आमच्या आईची बरेच दिवस समजूत होती, की मुलगा हिंजवडीत जिऱ्याच्या कंपनीत आहे. तिचा दोष नाही. घरून काम करायचे ते दिवस, आणि माझ्या खोलीतून दिवसभर एकच घोष चालायचा : "जिरात टाकलंस का?", "जिरा अपडेट कर", "जिरात दिसत नाहीये". शेवटी तिनं दारातून विचारलं, "अरे, फोडणीला जिरं टाकायला एवढी माणसं?" मी समजावलं, की जिरा हे कोणाकडे कुठलं काम आहे याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, 'गॉडझिला' राक्षसाचं जपानी नाव गोजिरा, त्यावरून ते नाव पडलं. राक्षस म्हटल्यावर तिला लगेच पटलं.

मला मात्र ते नाव मराठीच वाटतं. सोमवारी सकाळी त्यातल्या नोंदींची, म्हणजे तिकिटांची, यादी उघडली, की गेल्या आठवड्यात कुणाची किती जिरली ते एका नजरेत कळतं.

या सगळ्या प्रकाराला अ‍ॅजाइल म्हणतात. म्हणजे चपळ. चपळ होण्यापूर्वी मी 'वॉटरफॉल'मध्ये, म्हणजे धबधब्यात होतो. आधी गिऱ्हाइकाकडून तीनशे पानांवर सह्या घ्यायच्या, मग दीड वर्ष दार लावून सॉफ्टवेअर लिहायचं, आणि शेवटी त्याच्या तोंडून ऐकायचं, "छान आहे, पण आम्हाला हे नको होतं." विन्स्टन रॉइस नावाच्या अभियंत्यानं १९७० साली एका लेखात या पायऱ्यापायऱ्यांच्या पद्धतीचं चित्र काढलं होतं, आणि हे असंच्या असं केलं तर गोत्यात याल, असंही त्याच लेखात लिहिलं होतं. लोकांनी चित्र घेतलं, मजकूर सोडला. लग्नपत्रिकेवरचा गणपती सगळे पाहतात, 'कृपया आहेर आणू नये' कोण वाचतो?

या धबधब्याला आणि कागदांच्या ढिगाऱ्याला कंटाळलेले सतरा जण फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फातल्या ठिकाणी जमले. बर्फावरून घसरले, जेवले, बोलले आणि एक जाहीरनामा लिहून उठले. नियमांपेक्षा माणसं आणि त्यांचं बोलणं मोठं, कागदांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर मोठं, करारापेक्षा गिऱ्हाइकाची साथ मोठी, आणि ठरलेल्या बेतापेक्षा बदलाला तोंड देणं मोठं, असा त्याचा आशय. सतरा संगणकवाल्यांचं चार मुद्द्यांवर एकमत झालं, हाच त्यातला मोठा चमत्कार.

आमच्याकडे हा चपळपणा ईमेलनं आला. 'येत्या सोमवारपासून आपण अ‍ॅजाइल.' एका सहकाऱ्याला दोन दिवसांच्या वर्गाला पाठवलं, तो 'स्क्रम' या अ‍ॅजाइलच्याच एका पद्धतीचा 'मास्टर' होऊन आला. आमच्या गावात मास्तर व्हायला दोन वर्षांचं डीएड करावं लागायचं.

मग रोजची पंधरा मिनिटांची स्टँडअप सुरू झाली. सगळ्यांनी उभं राहायचं. पाय दुखले की माणसं आपोआप आवरतं घेतात, अशी त्यामागची कल्पना. ही कल्पना काढणाऱ्यानं पुणेरी निरोप पाहिलेला नाही. दोन तास सोफ्यावर बसून संपलेलं बोलणं आम्ही दारात, पायात चपला घालून, आणखी तासभर उभ्यानं करतो. आमची पंधरा मिनिटं पन्नासवर गेली. पुढे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाच्या सोयीनं ही सभा रात्री साडेआठला भरू लागली आणि निम्मे जण ती ताटावर बसून, कॅमेरा बंद करून उभी करू लागले.

विचारायचे प्रश्न तीन : काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठं? पहिल्याचं उत्तर लांबलचक, दुसऱ्याचं तेच, पण भविष्यकाळात. तिसऱ्याचं सगळ्यांचं एकच : "काही नाही." साहेबांदेखत 'माझं अडलंय' म्हणायला काय वेड लागलंय? आमचा एक गडी सलग नऊ दिवस "नव्वद टक्के झालंय" सांगत होता. दहाव्या दिवशी कळलं, त्याला पासवर्डच मिळालेला नव्हता. स्क्रमच्या अधिकृत पुस्तिकेतून २०२० साली हे तीन प्रश्न काढून टाकले. आमच्याकडे ते अजून नांदतात.

दर दोन आठवड्यांच्या फेरीला 'स्प्रिंट' म्हणतात. शंभर मीटर जीव तोडून धावायचं आणि रेषा ओलांडली की लगेच पुढचे शंभर, असं वर्षभर. प्रत्येक फेरीच्या आधी पत्त्यांचा डाव. कामाला किती तास लागतील हे विचारायचं नाही, काम केवढं ते पत्त्यावरच्या आकड्यानं, म्हणजे पॉइंटानं, दाखवायचं : १, २, ३, ५, ८, १३. ही फिबोनाचीची मालिका. त्याच्याही आधी, बाराव्या शतकात, आपल्याकडे हेमचंद्रानं लघु-गुरू मात्रांची मांडणी मोजताना ती सांगितली होती. खरा डाव असा, की सगळ्यांनी एकदम पत्ते उघडायचे, आणि एकाचे ३ नि दुसऱ्याचे १३ निघाले तर दोघांनी का ते सांगायचं. त्या बोलण्यातच कामातला खड्डा सापडतो. आमच्यात मात्र सगळे आधी सीनियरच्या चेहऱ्याकडे पाहतात. मग सगळ्यांचे आठ. खड्डा जागच्या जागी.

त्यात मॅनेजरनं एक पॉइंट म्हणजे अर्धा दिवस असा भाव फोडला, म्हणजे फिरून तासांवरच आलो. वर 'व्हेलॉसिटी', म्हणजे दर स्प्रिंटला पुरे होणारे पॉइंट, वाढवा असा आदेश निघाला. आम्ही वाढवली. कालपर्यंत पाचाचं असलेलं काम आठाचं झालं. दूध तेवढंच, फक्त माप लहान केलं. आलेख इतका देखणा दिसू लागला, की तो केक कापून साजरा झाला.

अकरा स्प्रिंट अशा काढल्यावर कुणाला तरी आठवलं, की आपलं सॉफ्टवेअर वापरणारं गोदाम चाकणला आहे, तासाभराच्या वाटेवर. डेमो आम्ही नेहमी अमेरिकेतल्या ऑफिसला दाखवत आलो होतो. तिथल्या कुणीही खोकं उचललेलं नव्हतं. मी आणि टीममधली दोन वर्षांच्या अनुभवाची एक मुलगी, दोघं गेलो.

स्टोअरकीपर काका टेबलाशी वही भरत होते. आम्ही सवयीनं उभे राहून विचारायला लागलो.

"उभ्याउभ्या काय बोलता साहेब," ते म्हणाले, "बसा की. चहा सांगतो."

बसलो. आणि बसल्यावर दिसलं. काकांचा डावा हात कायम खोक्यावर. उजव्या हाताच्या एका बोटानं आकडा टाकायचा, मग पुढच्या रकान्यात जायला माउस शोधायचा, तो कागदांखाली. एका खोक्याला सात रकाने. म्हणून ते दिवसभर वहीत लिहीत आणि संध्याकाळी सातनंतर सगळं एकदम संगणकात घालत. अमेरिकेत पडद्यावर जो 'या क्षणाचा साठा' झळकत होता, तो या वहीतला होता. त्यांच्यासाठी आम्ही बनवलेला चौतीस पॉइंटांचा रंगीत आलेख त्यांनी कधी उघडलाच नव्हता.

"एंटर दाबल्यावर पुढं जाईल का हो?" त्यांनी विचारलं. "मागं एकदा सांगितलं होतं."

सांगितलं होतं. आठ महिन्यांपूर्वीचं तिकीट यादीच्या तळाशी सापडलं. शेरा होता, 'युजरला ट्रेनिंग द्यावं.'

मुलीनं तिथंच लॅपटॉप उघडला. वीस मिनिटांत चाचणीच्या प्रतीत बदल करून तो काकांपुढे सरकवला. त्यांनी पाच खोकी घातली आणि म्हणाले, "आता वजनाचा रकाना वर घ्या." तो घेतला. मग अक्षरं मोठी केली. तीन तासांत चार वेळा केलं, दाखवलं, बदललं. अकरा स्प्रिंटमध्ये आम्ही पहिल्यांदा अ‍ॅजाइल झालो होतो, आणि त्या दिवशी पत्ते, जिरा, मास्टर यातलं काहीच जवळ नव्हतं.

घरी येऊन मी तो जाहीरनामा आणि त्यामागची बारा तत्त्वं पुन्हा वाचली. समोरासमोर बोला, असं त्यात आहे. उभं राहा, असं कुठंच नाही.

रात्री स्टँडअपमध्ये मुलीला विचारलं, "आज काय केलं?"

"चाकणला बसले होते."

क्षणभर शांतता. मग मॅनेजर म्हणाले, "त्याचं तिकीट काढून ठेव." किती पॉइंट द्यायचे यावर एकमत झालेलं नाही, त्यामुळे ते तिकीट अजून उघडं आहे. काकांची वही मात्र पुढच्याच आठवड्यात बंद झाली.