कूपेचे पारखी

न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास मराठी माणसांची वस्ती दाट आहे, आणि तिथल्या प्रत्येक मित्रमंडळात एक तरी पारखी असतोच. वय पंचेचाळीसच्या पुढे, नोकरी सॉफ्टवेअरमधली, दारात होंडा ओडिसी. ओडिसीत आठ माणसं बसतात आणि गणपतीत ढोलही मावतात. पारखींना मात्र हवी असते दोन दारांची, मागच्या चाकांवर जोर असलेली, गिअरची स्पोर्टी कूपे. तीही नवी नको. वापरलेली, परवडणारी. शोध कित्येक वर्षं चालू आहे आणि तो संपावा असं निदान त्यांच्या वागण्यावरून तरी दिसत नाही.

गाडी ठरलेली आहे: टोयोटा 86. 2012 साली ती अमेरिकेत सायन एफआर-एस नावाने आली, 25,000 डॉलरच्या आत. 2016 मध्ये टोयोटाने सायन हे दुकानच बंद केलं आणि गाडीवर स्वतःचं नाव चढवलं. सुबारूची बीआरझेड ही तिची जुळी बहीण. दोघी जन्मल्या सुबारूच्याच कारखान्यात. हा सगळा वंशवृक्ष पारखी विकणाऱ्याला फोनवर ऐकवतात. तो बिचारा पत्ता सांगायला ताटकळलेला असतो.

या गाडीचं वेड लागण्याला इतिहास आहे. 1983 साली जपानमध्ये टोयोटाची एई86 रस्त्यावर आली. पुढे एका मंगा मालिकेत टोफू पोचवणाऱ्या पोराच्या हाती पडून ती घाटांची राणी झाली. आजच्या 86 च्या नावातला आकडा तिच्यावरूनच आला. त्याच 1983 च्या डिसेंबरात आपल्याकडे मारुती 800 आली. तीही मूळची जपानीच, पण हिच्या नशिबी चार माणसं, दोन बॅगा आणि टपावर होल्डॉल घेऊन खंडाळ्याचा घाट चढणं आलं. पारखी त्याच मारुतीवर गिअर शिकले. अमेरिकेतल्या अनेकांना गिअरची गाडी चालवता येत नाही, ही गोष्ट ते कुठल्याही विषयावरच्या गप्पांत दहाव्या मिनिटाला आणू शकतात.

शनिवारी सकाळी पारखी मोहिमेवर निघतात. विकणाऱ्याला आधीच बजावलेलं असतं, ‘मी येण्याआधी इंजिन सुरू करू नका.’ पोचल्यावर नमस्कार-चमत्काराच्या आधी बॉनेटवर तळहात. कोमट लागलं तर चेहरा पडतो, कारण थंड गाडीचेच रोग कळतात. या गाडीचा दुसरा गिअर थंडीत कुरकुरतो तो तेव्हाच. मग खिशातून एक सेंटचं नाणं निघतं. लिंकनचं डोकं खाली करून ते टायरच्या खाचेत घालायचं. डोकं अख्खं दिसलं तर टायर संपला. त्यानंतर टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायचे. 3219 म्हणजे 2019 सालातला 32 वा आठवडा. पारखींना बायकोचा वाढदिवस फोनवर नोंदवावा लागतो, पण पाहिलेल्या गाड्यांच्या टायरांचे आठवडे तोंडपाठ असतात.

इंजिन सुरू होतं आणि बॉनेटखालून रातकिडे बोलू लागतात. विकणारा घाबरतो. पारखी खुलतात. हा इंधनाच्या पंपाचा आवाज, सुरुवातीच्या गाड्यांचा जगप्रसिद्ध. यात घाबरण्यासारखं काही नाही, असं तेच विकणाऱ्याला समजावतात आणि भाव पाडण्याची आयती संधी घालवतात.

खरा परीक्षेचा प्रश्न पुढे असतो. 2018 च्या शेवटी, 2013 च्या मॉडेलमधल्या अनेक गाड्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलायला परत बोलावल्या गेल्या. इंजिन आडवं, बॉक्सर जातीचं. स्प्रिंग बदलायची तर ते अख्खं बाहेर काढावं लागतं. नंतर काही गाड्यांची इंजिनं बसली. दुरुस्तीत सीलंट जास्त लागलं आणि तेलाची वाट तुंबली, अशा तक्रारी झाल्या. म्हणून पारखी विचारतात, ‘स्प्रिंगा बदलल्या का?’ हो म्हटलं तर ‘अरेरे, उघडलं का इंजिन!’ नाही म्हटलं तर ‘अरेरे, अजून त्याच स्प्रिंगा!’ या प्रश्नाला पास होणारं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही. 2017 ची गाडी आणली तर या भानगडीतून सुटका होते, पण मग ती महाग असते.

शेवटी चक्कर. पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडते. ‘क्लच फार वर धरतोय,’ पारखी म्हणतात. ओडिसीत डावा पाय बरीच वर्षं बिनकामाचा बसून आहे, हा मुद्दा कुणी काढत नाही.

घरून परवानगी नाही, असा मंडळात समज आहे आणि पारखींनी तो नीट जोपासला आहे. वस्तुस्थिती अशी की वहिनींनी ‘घ्या एकदाची’ असं केव्हाच सांगून टाकलंय. तो दिवस पारखींना फार जड गेला म्हणतात.

मध्यंतरी पुण्याहून नवीन आलेल्या एका पोराला त्यांनी आपली सगळी फाइल दिली: काय बघायचं, कुठे वाकायचं, काय विचारायचं. पोराने ती उघडली की नाही देव जाणे. तासाभरात 2013 ची लाल एफआर-एस घेऊन तो मोकळा झाला आणि गणपतीच्या आरतीला तीच घेऊन आला. आरतीनंतर वहिनींनी सहज किल्ली मागितली. त्या पार्किंगच्या बाहेर पडल्या, दोन सिग्नल पार करून परत आल्या, गाडी एकदाही बंद न पाडता.

‘काका, काकूंना आवडली बरं का,’ पोरगा म्हणाला.

‘मस्त आहे हो! अशीच घेऊन टाकू या,’ वहिनी काच खाली करून म्हणाल्या.

मागच्या चाकाशी उकिडवे बसलेले पारखी मोबाइलच्या उजेडात डोळे बारीक करून बघत होते. ‘तेविसावा आठवडा,’ ते म्हणाले, ‘2016 चा. टायर जुने आहेत.’