भिंतीवर अमूर्त, मंचावर मान्यवर

संग्रहालयात अमूर्त चित्रांचे प्रदर्शन भरवायचे ठरले की पहिली अडचण चित्रांची नसते. चित्रे येतात, विम्याची कागदपत्रे होतात, दिवे लागतात. अडचण असते ती आत येणाऱ्या माणसाची. तो तिकीट काढतो, एका मोठ्या पिवळ्या कॅनव्हाससमोर येऊन उभा राहतो आणि त्याला करण्यासारखे काहीच नसते. अशा माणसाला एकटे सोडणे धोक्याचे आहे. एक तर तो पाच मिनिटांत बाहेर पडून जहांगीर कलादालनाबाहेरच्या फुटपाथवर स्वतःचे पोर्ट्रेट काढून घेईल, नाहीतर, आणि हे जास्त वाईट, चित्राकडे पाहत राहील. दोन्ही टळावे म्हणून प्रदर्शनाला जोडून कार्यक्रम ठेवायचे असतात. नव्याने रुजू होणाऱ्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी काही सूचना इथे देत आहे. उदाहरणादाखल अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे प्रदर्शन धरले आहे, कारण त्यांच्यावर कार्यक्रम करणे सर्वांत अवघड आणि म्हणून सर्वांत प्रतिष्ठेचे.

आधी दालनातली बाकडी काढावीत. बसलेला माणूस पाहू लागतो. त्यात गायतोंड्यांचे चित्र म्हणजे सुरुवातीला एकच रंग. दहा मिनिटांनी त्याच्या आतून दुसरा वर येतो, मग त्याच्याही खाली काहीतरी आहे असे वाटू लागते. एवढ्यापर्यंत पोचलेला माणूस चार वाजताच्या परिसंवादाला उठत नाही. बाकडी भांडारात ठेवून त्या जागी प्रायोजकांची स्टँडी उभी करावी. कोणी कारण विचारले तर ‘अग्निशमन’ म्हणावे. पुढे कोणी विचारत नाही.

आता उद्घाटन. गायतोंडे कमी बोलत. १९७२मध्ये मुंबई सोडून दिल्लीला गेले, निजामुद्दीनमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहिले, वर्षाला मोजकीच चित्रे काढली आणि त्यांतल्या बहुतेकांना नावेही दिली नाहीत. इतक्या कमी बोललेल्या माणसावर बोलायला किमान पाच वक्ते लागतात. दोघातिघांत ती पोकळी भरत नाही. पाचांपैकी एक जण २०१४च्या न्यूयॉर्कमधील गुगेनहाइम संग्रहालयातल्या गायतोंडे प्रदर्शनाला जाऊन आलेला असावा. तो बहुधा न्यूयॉर्कच्या थंडीवर बोलेल, पण श्रोत्यांना दूर कुठेतरी नेऊन आणल्यासारखे वाटते.

वक्ता निवडताना मात्र जपावे. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे ते कावसजी जहांगीर सभागृहात. इमारत १९११ची, चित्रे तिथे आली १९९६मध्ये. त्याआधी वर्षानुवर्षे तिने सभा आणि मैफली ऐकल्या, त्यामुळे तिचा मूळ स्वभाव सभेचाच. फेब्रुवारी २०१९मध्ये तिथे चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाचे उद्घाटन होते. वक्त्यांत अभिनेते अमोल पालेकर होते. स्वतः जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेले, अमूर्त चित्रे काढणारे, म्हणजे कागदावर निवड निर्दोष. बोलता बोलता त्यांनी संग्रहालयाच्या स्थानिक चित्रकारांच्या सल्लागार समित्या बंद झाल्याचा विषय काढला आणि त्यांना मध्येच थांबवून बरव्यांवरच बोलायला सांगण्यात आले. मग देशभर बातमी झाली ती या थांबवण्याची. बरव्यांच्या चित्रांच्या वाट्याला वर्तमानपत्रांतली एवढी जागा क्वचितच आली असेल. तेव्हा अमूर्त चित्रांपुढचे भाषणही अमूर्तच असावे, हे वक्त्याला निमंत्रणपत्रातच कळवावे. ‘अवकाश’, ‘आदिम’, ‘अंतर्नाद’, ‘शून्य’ हे शब्द कितीही वेळ चालतात. ‘समिती’ हा शब्द कानावर पडला की माइकवाल्याकडे पाहावे.

परिसंवादाला ‘निःशब्दाची भाषा’ असे काहीतरी नाव द्यावे आणि तो अडीच तास चालवावा. शेवटी प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला तर तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ उठतील. “मला प्रश्न नाही विचारायचा, दोन शब्द बोलायचे आहेत,” असे म्हणून ते १९६०च्या दशकात आपण भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटच्या जिन्यावर गायतोंड्यांना कसे पाहिले ते सांगतील. त्यांना थांबवू नये. सबंध संध्याकाळभरात प्रत्यक्ष पाहिलेले काहीतरी सांगणारा बहुधा तेवढाच एक माणूस असतो, आणि तो पाहुण्यांच्या यादीत नसतो.

मार्गदर्शित फेरी पंचेचाळीस मिनिटांत वीस चित्रे या वेगाने न्यावी. फेरी नेणाऱ्याने प्रत्येक चित्रासमोर थांबून “तुम्हाला यात काय दिसतं?” असे विचारावे. लोक ढग, समुद्र, धुके सांगतील आणि एखादे लहान मूल हत्ती सांगेल. सर्वांना “अगदी बरोबर” म्हणावे. रोलर कसा फिरवला, सुरीने रंग कसा खरवडला, पातळ रंगाचे थर एकमेकांवर कसे बसले, हे सांगण्याचा मोह होईल. तो आवरावा. माणसाला चित्र कसे केले हे कळले की तो वाकून पृष्ठभाग पाहू लागतो, मागची माणसे अडतात आणि वेळापत्रक कोसळते. फेरी अगदीच थंड पडली तर किंमत सांगावी. २०१३मध्ये मुंबईतल्या क्रिस्टीजच्या लिलावात गायतोंड्यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले, असे म्हणावे आणि थांबावे. त्या वेळी जी शांतता पसरते ती ध्यानसत्रातही मिळत नाही.

ध्यानसत्र अर्थात ठेवायचेच आहे. गायतोंड्यांना झेनची ओढ होती, रमण महर्षी आणि निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांची होती. त्यामुळे रविवारी सकाळी सात वाजता, चटया आणि तिबेटी वाट्या, शुल्क वेगळे. डोळे मिटायला सांगावे. चित्रांच्या दालनात लोकांनी डोळे मिटून बसावे ही कल्पना ज्या कोणाला प्रथम सुचली त्याचा आमच्या खात्यात अजून सत्कार झालेला नाही. शांतता राखण्याच्या सूचना माइकवरून, मराठी व इंग्रजीत, दर दहा मिनिटांनी.

संगीताचा कार्यक्रम एक. नाव ‘सूर आणि रंग’. दुसरे नाव शोधत बसू नये, पूर्वी प्रयत्न झालेले आहेत.

मुलांची कार्यशाळा नव्वद मिनिटांची, खाऊ धरून. गायतोंडे कोऱ्या कॅनव्हाससमोर दिवसचे दिवस नुसते विचार करत, ही माहिती पालकांना देऊ नये. शुल्क भरलेले असते. रंग ॲक्रिलिकच द्यावेत. तैलरंग वाळायला दिवस घेतात आणि ओले चित्र टॅक्सीच्या सीटला लागले की पालकांशी होणारी चर्चा अमूर्त राहत नाही. मुले मात्र हाती रोलर मिळताच काम सुरू करतात आणि आपण काय काढतोय असे विचारत नाहीत. तो प्रश्न त्यांना न्यायला आलेली आई विचारते.

एक तांत्रिक सूचना. फेरीत कोणी “हे उलटं तर टांगलं नाही ना?” असे विचारले तर हसू नये. “छान निरीक्षण” म्हणावे आणि गुपचूप कार्यालयात जाऊन फाइल पाहावी. पीट मोंद्रियानचे ‘न्यूयॉर्क सिटी १’ हे १९४१चे चित्र गेली पंचाहत्तरहून अधिक वर्षे बहुधा उलटेच टांगले जात होते, हे जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात २०२२मध्ये लक्षात आले. ते सरळ केलेले नाही, कारण त्यातल्या चिकटपट्ट्या जुन्या झाल्या आहेत आणि आता फिरवले तर गळून पडतील अशी भीती आहे. त्याआधी १९६१मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मातीसचे ‘होडी’ हे कागद कापून केलेले चित्र ४७ दिवस उलटे होते. चूक दाखवली ती एका प्रेक्षक बाईंनी. त्यांनी कुठल्याही फेरीत नाव नोंदवले असेल असे मला वाटत नाही. फेरीतल्या माणसाला एवढा वेळ मिळत नाही.

राहिले सुरक्षारक्षक. प्रदर्शनाचे सगळे दिवस, सगळे तास दालनात घालवणारा संस्थेतला हा एकच माणूस, म्हणून त्याला कुठल्याही कार्यक्रमात बोलवायचे नसते. त्याच्याकडून कंटाळा मात्र अपेक्षित आहे आणि त्याची तरतूद हवी. डिसेंबर २०२१मध्ये रशियात येकातेरिनबुर्गच्या येल्त्सिन सेंटरमध्ये एका रक्षकाने आन्ना लेपोर्स्काया यांच्या ‘तीन आकृत्या’ या चित्रातल्या दोन कोऱ्या चेहऱ्यांवर बॉलपेनने डोळे काढले. नोकरीचा त्याचा तो पहिलाच दिवस होता. आपल्याकडे पेन हजेरीच्या वहीला दोरीने बांधलेले असते, ही व्यवस्था चालू ठेवावी. एखादा जुना रक्षक “साहेब, डावीकडचं संध्याकाळी जास्त चांगलं दिसतं” असे म्हणाला तर त्याची बदली नाणे विभागात करावी. तिथे त्याला जड जाणार नाही.

समारोपानंतर अहवाल आठ दिवसांत जातो. त्यात उपस्थिती लिहावी, चहाच्या कपांवरून काढलेली असली तरी चालते. समई पेटवतानाचे छायाचित्र जोडावे, मागे चित्र आले असेल तर कापून घ्यावे, हक्कांचा प्रश्न येतो. बाकडी भांडारातून परत मागवण्यासाठी वेगळा अर्ज लागतो. घाई करू नये. पुढचे प्रदर्शन शिल्पांचे असले तर हीच फाइल वापरावी, नावे तेवढी बदलावीत आणि चटया निम्म्याच मागवाव्यात, शिल्पे जागा फार खातात.